सोल्यूशन

नांदेड फाट्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये
ट्रेलरवर चढवून ठेवलेली बोट.
पटाशी घेऊन आत उतरलो
आणि ओळखीचा वास आला.

हे माझंच काम, एकवीस वर्षांपूर्वीचं.
तेव्हा लष्करातली निम्मी ऑफिसं मी मढवायचो,
करडा, मरून, बाटलीहिरवा.
नगरकर डॉक्टरांनी निळा निवडला.
कानाचे डॉक्टर. म्हणाले,
आठवडाभर लोकांच्या कानांत वाकून बघतो,
रविवारी पानशेतला मला आवाज नको.
पाय ठेवला की ही घुमते,
हिचं तोंड बंद करा.

केलं.
एक डबा पुरला असता तिथे तीन ओतले.
निघणार नाही ना, म्हणाले.
मी म्हटलं, साहेब, तुमच्या नातवालाही नाही.

नातू नाही, नात निघाली. शाल्मली.
बोट विकायची नाही, वापरायचीय म्हणते.
काका, दुपारपर्यंत होईल?

कोपरा सुटला, मोठ्या मानाने, वीतभर.
पुढे नुसती लव हातात आली,
रबर खालीच,
पातेल्याला धरलेल्या पिठल्यासारखं.
हीट गन धरली की मऊ,
हात थांबला की दगड.
थिनर जास्त झाला तर फायबर पांढरं पडतं.
म्हणून चार बोटं तापवायचं, चार बोटं खरवडायचं,
गुडघ्यांखाली पोतं,
पुढची चार बोटं.

दुसऱ्याचं काम असतं तर मोकळेपणी शिव्या दिल्या असत्या,
कुणी चिकटवलंय हे, अक्कल गहाण ठेवून.
इथे शिवी ओठांपर्यंत यायची
आणि चहाबरोबर खाली जायची.

नाळेपाशी सोल्यूशनमध्ये एक टाच उमटलेली.
इलियासची.
माझ्या हाताखाली होता, चौदाचा असेल,
ओल्यात पाय दिला म्हणून मी त्याच्या थोबाडीत मारली होती
आणि तसाच वरून गालिचा दाबला होता.
तो आता शारजात. मशिनीने अंथरतो म्हणे.
टाच केवढी, तर बिस्किटाएवढी.
फोटो काढावा म्हटलं, पण हात बरबटलेले,
आणि शाल्मलीला कसं सांगायचं की ह्याचा काढ.
चौरस फुटाचा भाव ठरला होता.
खरवडली.

चार वाजता डॉक्टर आले,
प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.
दोन्ही कानांत मशीन, दोन्ही बंद,
शिट्टी वाजते म्हणून बंद ठेवतात असं नात म्हणाली.
मला त्यांनी ओळखलं नाही. मीही सांगितलं नाही.
झालेलं काम दाखवायला म्हणून
उघड्या तळावर मी मूठ आपटली.
घुम्म.
शेडखालचं कुत्रं उठून गेलं.
डॉक्टर नुसते बघत राहिले.
मग खुर्ची पुढे ओढून
त्यांनी पंजा सपाट ठेवला बोटीच्या अंगावर,
रोग्याच्या छातीवर ठेवतात तसा,
आणि म्हणाले, पुन्हा.
मी मारली.
पुन्हा.
सात-आठ वेळा.
माझी मूठ दुखायला लागली
तरी ते पंजा काढेनात.

पैसे नातीने दिले, घासाघीस न करता.
डाव्या कोपऱ्यात हातभर राहिलंय,
तिथे बाकडं टाका म्हटलं.
उरलेलं माझ्याबरोबर घरी आलं,
नखांत, मनगटाच्या केसांत, भाकरीच्या पहिल्या घासात.

रेशनच्या दुकानात अंगठा ठेवला,
मशीन म्हणालं, जुळत नाही.
पुसून ठेवला. दुसरं बोट. तिसरं.
मागे रांग कुरकुरायला लागली.
मुळीक दुकानदार, तीस वर्षांची ओळख,
म्हणाला, मी ओळखतो हो तुम्हाला,
पण ह्याला कोण सांगणार?
खोबरेल लावा, दोन दिवसांनी या.

तिसऱ्या दिवशी गेलो.
अंगठा जुळला.
तांदूळ संपले होते,
गहू होता.